पहिला नको

भिंतीवरच्या पडद्यावर सकाळपासून दोन ओळी होत्या. वरच्या ओळीत लिहिलं होतं, ‘वेदना : दहापैकी आठ.’ खालच्या ओळीत, ‘वेदनाशामक पंप : रुग्णाची इच्छा नाही. खात्री : चौऱ्याण्णव टक्के.’ या दोन ओळी एकीखाली एक सुखाने नांदत होत्या आणि केतकीला नेमका त्याचाच संताप येत होता. माणसाला आठ दुखतंय इथपर्यंत ज्या यंत्राची अक्कल पोचते, ती त्यापुढे दोन बोटं का जाऊ नये?

पलंगावर अण्णा कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन पडले होते. सुधाकर आठल्ये, वय एकोणऐंशी, सांगली-मिरजेत चाळीस वर्षं लग्नामुंजींच्या पंगती जेवू घातलेला माणूस. स्वादुपिंडाचा कर्करोग यकृतात पोचला होता, उपचार थांबवून तीन आठवडे झाले होते, आणि आठ दिवसांपूर्वी त्यांना मिरज रस्त्यावरच्या ‘ओसरी’त आणलं होतं. ओसरी म्हणजे बरं करण्याचा आव न आणणारं रुग्णालय. माणसाला दुखू नये, घुसमटू नये, एकटं वाटू नये, एवढंच इथे बघायचं. पहिल्या दिवशी केतकीला ही जागा फार आवडली होती. आज तो पडदा भिंतीतून उपसून विहिरीत टाकावा असं तिला वाटत होतं.

केतकी पलूसच्या सरकारी दवाखान्यात जनावरांची डॉक्टर होती. म्हैस अडली, बैलाचा खूर सडला, की ती बघायची, हात लावायची आणि इंजेक्शन द्यायची. वीस वर्षांत एकाही बैलाने तिला लेखी संमती दिली नव्हती.

“म्हैस पाय झाडते, मला कळतं तिला कुठं दुखतंय,” ती डॉ. शाहीन मुजावरांना म्हणाली. “आणि माझ्या बापाचं मला कळत नाही होय?”

डॉ. मुजावर ओसरीच्या मुख्य डॉक्टर होत्या. त्यांनी अण्णांच्या पाठीखाली उशी सरकवली, आणि मग म्हणाल्या, “तुम्हाला कळतंय. मलाही कळतंय. कायद्याला कळत नाही, त्याला मी तरी काय करू, सांगा की.”

कायदा दोन वर्षांचा होता आणि यंत्र पाच वर्षांचं. यंत्राचं खरं नाव लांबलचक होतं, रुग्णेच्छा अनुमान प्रणाली. कोकणातल्या कुणीतरी त्याला कौल म्हटलं आणि तेच नाव रुळलं, कारण काम तेच. देवापुढे प्रश्न मांडायचा आणि उजवा मिळतो की डावा ते बघायचं. इथे देवाच्या जागी पेशंटचं स्वतःचं आयुष्य होतं, एवढाच फरक. माणूस शुद्धीत नसला, किंवा येऊन-जाऊन शुद्धीत असला, तर त्याला काय हवंय हे कुणी ठरवायचं? पूर्वी नातेवाईक ठरवायचे. अभ्यास करणाऱ्यांनी पडताळून पाहिलं तर साधारण तीनांतल्या एका वेळी नातेवाइकांचा अंदाज चुकत होता. चाळीस वर्षं संसार केलेली बायकोसुद्धा चुकत होती. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की माणसाचं बोलणंच गोळा करावं. पंधरा-वीस वर्षांचे फोनवरचे निरोप, संदेश, डॉक्टरांशी झालेली बोलणी, घरातल्या बोलक्या डब्यांनी ऐकलेलं सगळं. त्यातून त्याच्या आवडीनिवडींचा, भीतीचा, हट्टाचा साचा तयार करायचा, आणि माणूस उत्तर देऊ शकेनासा झाला की त्या साच्याला विचारायचं. चाचण्यांमध्ये कौल दहांतून नऊ वेळा बरोबर निघाला. नातेवाईक मागे पडले आणि कायदा झाला की शुद्धीवर परिणाम करणारं कुठलंही औषध देण्याआधी कौल लावायचा, आणि तो डावा आला तर द्यायचं नाही.

“मी त्याला शिव्या देत नाही,” डॉ. मुजावर म्हणाल्या. “मागच्या वर्षी एका आजींना त्यांचे मुलगे व्हेंटिलेटरवर घालायला निघाले होते. लोक काय म्हणतील म्हणून. कौलाने नाही म्हटलं. आजी याच खोलीत, नातीचा हात धरून गेल्या. नळी नाही, काही नाही.”

“आजी वेगळ्या. अण्णांचं बोला.”

अण्णांची शुद्ध चांगली होती तेव्हा त्यांच्याकडून अर्ज भरून घेतला होता. ‘तीव्र वेदना झाल्यास गुंगी आणणारे औषध हवे का?’ या प्रश्नापुढे त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, ‘आपल्याला सोयीचे पडेल तसे.’ हे उत्तर कौलाला कुठल्याच खान्यात बसवता आलं नाही, तेव्हा त्याने ते रद्द केलं. आता अण्णा दिवसातून चार-पाच वेळा डोळे उघडायचे, कधी ओळखायचे, कधी नाही. सकाळी डॉक्टरांनी नियमाप्रमाणे विचारलं होतं, “आठल्येकाका, दुखायचं कमी व्हायला औषध लावू?” अण्णांचा चेहरा दुखण्याने पिळवटला होता. त्यांनी ओठ ओले केले आणि अगदी सभ्यपणे म्हणाले, “नको.”

कौलाची खात्री एक्क्याण्णववरून चौऱ्याण्णव झाली.

“त्या नकोला काही अर्थ नाही हो,” केतकी म्हणाली. “चहा विचारला तरी ते नकोच म्हणतात. पाणी विचारलं तरी नको म्हणतात.”

“मग हे समन्वयकांना जाऊन सांगा,” डॉ. मुजावर म्हणाल्या. “फेरविचाराचा अर्ज त्यांच्याकडे असतो. मी पंप भरून तयार ठेवते. होय आलं की पुढच्या मिनिटाला लावते.”

*

इच्छा-समन्वयक कुडाळकर तळमजल्यावर बसत. त्यांचा आवाज इतका शांत होता की समोरच्याचा पारा आपोआप चढावा.

“मॅडम, यंत्र तुमच्या विरोधात नाही. ते तुमच्या वडिलांच्या बाजूने आहे.”

“मग मी कुणाच्या बाजूने आहे?”

“तसं नाही.” त्यांनी कागदांचा गठ्ठा तिच्याकडे सरकवला. “या आधारभूत नोंदी. कौल हवेतून येत नाही. तुम्हीच वाचा.”

केतकीने वाचायला घेतलं. नऊ वर्षांपूर्वीचा मे महिना. फोनवर ती स्वतः : ‘अण्णा, तुमच्या खोलीत एसी बसवू का?’ अण्णा : ‘नको गं. मला पंख्याची सवय आहे.’ त्याखाली बारीक अक्षरात, ‘विषय पुन्हा निघाला नाही.’ सहा वर्षांपूर्वी गुडघ्याचं ऑपरेशन. ‘नको, चालतंय अजून.’ विषय पुन्हा निघाला नाही. आई गेल्यानंतरचा दुसरा महिना. ‘अण्णा, पलूसला या ना राहायला.’ ‘नको, तुमची अडचण कशाला?’ विषय पुन्हा निघाला नाही. स्वेटर, कानाचं यंत्र, कौस्तुभकडे बंगळूरला जाणं, पंचाहत्तरीचा कार्यक्रम. पानामागून पान.

“चारशे बारा वेळा नको,” कुडाळकर म्हणाले. “सगळे ठाम.”

“ठाम कशावरून?”

“नको म्हटल्यावर ती गोष्ट त्यांनी परत मागितली नाही आणि तुम्ही परत विचारली नाही. यंत्र त्यावरून शिकतं. काही घरांत नको म्हणजे अजून एकदा विचारा, असं असतं. ते यंत्राला चांगलं ठाऊक आहे, मराठी घरांचा त्याचा अभ्यास दांडगा आहे. पण त्या घरांत दुसऱ्या-तिसऱ्या वेळेला हो येतं. तुमच्याकडे तसं एकदाही झालेलं नाही. तुमच्या घरात नकोचा अर्थ नको असाच आहे, हे तुमच्याच नोंदी सांगतात.”

केतकीला या माणसाला काहीतरी झणझणीत सुनवायचं होतं. पण एसीचा तो फोन तिला आठवला. अण्णा नको म्हणाले तेव्हा तिला सुटल्यासारखं वाटलं होतं. सांगलीला जा, माणूस बोलवा, भिंत फोडा, सगळंच टळलं. पलूसला या म्हणाली तेव्हाही तेच. विचारल्याचं पुण्य मिळालं होतं आणि करण्याचा व्याप वाचला होता. पहिला नको तिने दरवेळी झेलला होता, खाली पडू दिला नव्हता. यंत्राने वेगळं काही केलं नव्हतं. ते तिच्याकडूनच शिकलं होतं, आणि याची तिला मरणाची लाज वाटली.

“एक उलटी नोंद आणा,” कुडाळकर म्हणाले. “एकदा नको म्हणून नंतर आनंदाने घेतलं, अशी एकच. मी स्वतः फेरविचाराला लावतो.”

*

तिने कौस्तुभला फोन लावला. तिचा धाकटा भाऊ बंगळूरला असल्याच प्रणाल्या बनवणाऱ्या कुठल्याशा कंपनीत होता. यंत्रावर त्याचा पुजाऱ्याच्या वरताण विश्वास.

“ताई, चौऱ्याण्णव टक्के म्हणजे कमी नसतं गं,” तो म्हणाला. “तू अण्णांच्या मनाविरुद्ध काही करणार आहेस का?”

“कौस्तुभ, तू कधी अण्णांना एखादी गोष्ट दोनदा विचारली आहेस?”

“कुठली गोष्ट?”

“कुठलीही.”

मग तो म्हणाला, “ते नको म्हणायचे ना.”

“हो. आणि आपण ऐकायचो. फार आज्ञाधारक मुलं आपण.”

“तू चिडू नकोस.”

“मी चिडणार. चिडायला मला तुझ्या कौलाची परवानगी लागत नाही.”

फोन ठेवून ती मोबाइलमधले जुने निरोप, फोटो, चित्रफिती धुंडाळत बसली. अण्णांच्या खोलीबाहेरच्या बाकावर तिने दोन तास घातले. खोलीतून मधूनच एक आवाज यायचा. ते कण्हणं नव्हतं. अण्णा दुखण्याला मोठ्याने आवाज देत नसत, फक्त श्वास दाबून धरत आणि मग तो एकदम सुटे. तो आवाज आला की केतकीचं बोट पडद्यावर थांबायचं. आई असती तर तिने एका मिनिटात दहा उदाहरणं दिली असती. आई अण्णांना विचारायचीच नाही, सरळ हातात द्यायची. पण आईच्या वेळी घरात बोलका डबा नव्हता, आणि आईचं बोलणं कुठेच साठलेलं नव्हतं.

अखेर एका मंगल कार्यालयाच्या इंटरनेटवरच्या जुन्या पानावर तिला एक चित्रफीत सापडली. पंधरा वर्षांपूर्वीचं लग्न, आणि पंगत बसायच्या आधी वाढप्यांना एका रांगेत उभं करून बोलणारे अण्णा. कमरेला पंचा, हातात पळी, आवाज खणखणीत.

“पहिला नको कानावर घ्यायचा नाही,” अण्णा सांगत होते. “तो संस्काराचा असतो. दुसरा ऐकायचा, पण हात थांबवायचा नाही. पानावर हात आडवा आला की मात्र शीतभरही वाढायचं नाही. तोंडाच्या नकोवर जाऊ नका रे, हाताच्या नकोवर जा.”

केतकी दोन-दोन पायऱ्या उतरत तळमजल्यावर गेली. कुडाळकरांनी चित्रफीत पूर्ण पाहिली, एकदा हसलेसुद्धा.

“फार छान. माझ्या मावसभावाच्या लग्नात यांचंच जेवण होतं, बहुतेक.” मग त्यांचा आवाज पुन्हा शांत झाला. “पण हे त्यांनी दुसऱ्यांच्या इच्छेबद्दल म्हटलंय, स्वतःच्या नाही. शिवाय संदर्भ व्यवसायाचा आहे. ग्राह्य नाही धरता येणार.”

“तुम्ही माणूस आहात ना? तुम्हाला कळतंय ना यात काय आहे ते?”

“मला कळून उपयोग नाही, मॅडम. माणसांच्या कळण्यावर सगळं अवलंबून होतं तेव्हा काय काय व्हायचं, ते तुम्ही पाहिलेलं नाही. मी पाहिलंय.”

“ठीक आहे. मग मी वर जाते आणि अण्णांनाच पुन्हा विचारते. ते हो म्हणेपर्यंत विचारते.”

“तेवढं करू नका.” पहिल्यांदाच कुडाळकर खुर्चीत पुढे सरकले. “सहा तासांत एकच विचारणा करता येते. सकाळची धरली आहे. तिच्यानंतरची प्रत्येक विचारणा म्हणजे पुनःपृच्छा, आणि पुनःपृच्छा म्हणजे दबाव. एका आजोबांना त्यांच्या मुलांनी एका दुपारी चाळीस वेळा विचारून हो म्हणायला लावलं होतं. तेव्हापासून हा नियम आहे. पहिल्या पुनःपृच्छेला फक्त नोंद, दुसरीला ताकीद. तिसरीला तुमचं प्रतिनिधित्व जातं आणि आपोआप भावाकडे जातं.”

चौऱ्याण्णव म्हणजे कमी नसतं, असं म्हणणाऱ्या भावाकडे. केतकी जिन्याकडे वळली. दोनदा विचारता येत होतं. तिसऱ्यांदा विचारलं, तर अण्णांच्या बाजूने बोलायला कुणीच उरणार नव्हतं.

*

दीडच्या सुमारास ओसरीतल्या जेवणाच्या गाड्या निघाल्या. ताटं एकमेकांवर आपटत होती, फोडणीचा वास लांबवर पसरला होता, कुणीतरी कुणाला आमटी वाढायला सांगत होतं. त्या आवाजाने अण्णांनी डोळे उघडले. डॉ. मुजावर पंप घेऊन खिडकीशी उभ्या होत्या. साबणाच्या वडीएवढी ती डबी, तिला केसाएवढी बारीक नळी.

“मी विचारणार आहे,” केतकी म्हणाली. “तुम्हाला अडचण होणार असेल तर बाहेर थांबा.”

“मी माझ्या पेशंटपाशी उभी आहे,” डॉक्टर म्हणाल्या. “विचारा.”

केतकी पलंगाच्या कडेवर बसली. “अण्णा, दुखणं कमी व्हायचं औषध लावायचंय. लावू?”

“नको.”

पडद्यावर चौऱ्याण्णवचे पंच्याण्णव झाले. खाली एक ओळ उमटली, ‘पुनःपृच्छा : एक.’

केतकीने त्यांचा हात हातात घेतला. “थोडंसंच, अण्णा. अगदी थोडं.”

“नको गं.” अण्णांचा श्वास अडला, कपाळावरची शीर फुगली, आणि ती कळ ओसरेपर्यंत त्यांना पुढे बोलता आलं नाही. मग ते कसेबसे म्हणाले, “आधी तिकडे बघ.”

भिंतीतून गोड आवाज आला. “आपली दुसरी पुनःपृच्छा नोंदवली आहे. ही ताकीद समजावी. आपल्या सहकार्याबद्दल आम्ही आभारी आहोत.”

“कोण आलं?” अण्णांनी विचारलं. “मुलाकडची माणसं का?”

डॉ. मुजावरांनी हळूच मान हलवली. भ्रम. यकृत थकलं की विष रक्तात साठतं आणि माणूस भलत्याच ठिकाणी जाऊन पोचतो. केतकीलाही ते माहीत होतं. पण अण्णा भलत्या ठिकाणी पोचले नव्हते. जिथे त्यांनी चाळीस वर्षं काढली, तिथेच ते होते. त्यांचे डोळे दाराबाहेरच्या ताटांच्या आवाजामागे फिरत होते, आणि दुखण्यापेक्षा मोठी कसली तरी काळजी त्यांच्या चेहऱ्यावर होती.

“सगळी पानं झाली का?” त्यांनी विचारलं.

आणि केतकीला ते समजलं. इतकं उशिरा समजलं की तिला स्वतःच्या दोन थोबाडीत माराव्याशा वाटल्या. अण्णा कुठल्याही कार्यात सगळ्यांच्या आधी जेवले नव्हते, सगळ्यांबरोबरसुद्धा जेवले नव्हते. वऱ्हाडी उठायचे, मग घरचे, मग आचारी, वाढपी, भांडी घासणाऱ्या बायका. दुपारचे चार वाजले की अण्णा हात धुऊन एक पान मांडायला सांगायचे. त्याआधी यजमानाने येऊन कितीही गळ घातली तरी त्यांचा एकच शब्द असायचा. त्यांना नको नसायचं. त्यांना अजून नको असायचं. घरी, एसीच्या वेळी, पलूसच्या वेळी, तेच. बाकीच्यांचं झालं का, हे त्यांना आधी कळायला हवं होतं, आणि ते त्यांना कुणी कधी सांगितलं नाही.

तिसऱ्यांदा विचारायची गरजच नव्हती. आता अण्णा विचारत होते.

“झाली, अण्णा,” ती म्हणाली. “सगळी पंगत उठली.”

“भांडीवाल्या बायका?”

“जेवल्या. डबेही भरून दिले त्यांना.”

“तू?”

“मी पण जेवले.”

अण्णांनी डोळे मिटले, तिला वाटलं झालं, आणि त्यांनी पुन्हा उघडले. “कौस्तुभ?”

केतकी अडखळली. जेवला, असं सांगून टाकायला काय जात होतं? पण अण्णा दाराकडे बघत होते. पानावरून कोण न जेवता उठलं, हे त्यांच्यापासून चाळीस वर्षांत कुणी लपवू शकलं नव्हतं. डॉ. मुजावरांनी टेबलावरचा तिचा फोन उचलून तिच्या हातात दिला. तिने कौस्तुभचा नंबर लावला आणि स्पीकर चालू केला.

“ताई, मी मीटिंगमध्ये—”

“बाहेर ये. अण्णांना सांग तू जेवलास म्हणून.”

“काय?”

“जेवलास म्हणून सांग.”

“अगं पण मी अजून—”

“कौस्तुभ.”

तिच्या आवाजात काय होतं कुणास ठाऊक. पलीकडे दार लागल्याचा आवाज झाला, आणि मग पोरवयात होता तसला, थोडासा घाबरलेला आवाज आला. “अण्णा, मी जेवलो.”

“काय होतं?” अण्णांनी विचारलं.

केतकीने फोन घट्ट धरला. आता याला सुचू दे, एवढं एक याला सुचू दे.

“मसालेभात,” कौस्तुभ म्हणाला. “बटाट्याची भाजी. काकडीची कोशिंबीर. जिलबी होती.”

“मठ्ठा?”

“होता ना.”

“घेतलास?”

“दोनदा घेतला, अण्णा.” त्याचा आवाज आता धड लागत नव्हता. “मी नको नको म्हणत होतो, तरी वाढला.”

अण्णांच्या चेहऱ्यावर पसंती उमटली, वाढप्याने काम नीट केल्यावर उमटायची तशी. पुन्हा कळ आली. त्यांनी केतकीचा हात आवळला, कळ जाऊ दिली, आणि दमून डोकं उशीवर टेकवलं.

“मग वाढ,” ते म्हणाले.

पडदा क्षणभर कोरा झाला. मग वरची ओळ तीच राहिली आणि खालची बदलली. ‘वेदनाशामक पंप : रुग्णाची इच्छा, औषध वाढवावे. खात्री : सत्त्याण्णव टक्के.’

केतकीने ते दोनदा वाचलं. “याला वाढ म्हणजे वाढवा वाटलं,” ती म्हणाली. सकाळपासून तिने चारशे बारा नोंदी वाचल्या, दोन मजले चार वेळा चढले-उतरले, जिवंत पुरावा नाकासमोर धरला, आणि हे गाढव पाघळलं ते एका क्रियापदाच्या घोळावर. तिला हसावं की ओरडावं कळेना.

“त्याची चूक कळवायला लागेल मला,” डॉ. मुजावर म्हणाल्या. त्या तोवर पलंगापाशी येऊन अण्णांच्या छातीवरची त्वचा पुसत होत्या. “उद्या कळवते. काका काय म्हणाले ते मला कळलंय, आणि माझी समजण्यात काही चूक झालेली नाही.”

मग त्या अण्णांवर वाकल्या. “लावते हं काका.”

अण्णांनी मान डोलावली. सुई आत गेली, डबीतला दिवा लागला.

वीस मिनिटांनी वरच्या ओळीतला आठ पाच झाला, आणि आणखी थोड्या वेळाने तीन. केतकी पडद्याकडे बघत नव्हती. अण्णांचे पोटाशी घेतलेले गुडघे हळूहळू सैल होत होते, एक पाय सरळ झाला, मग दुसरा. श्वास दाबून धरणं थांबलं. परवापासून पहिल्यांदाच ते उताणे, ऐसपैस झोपले होते. केतकीने त्यांच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं. तिला रडू आलं आणि ती रडली. डॉक्टर खिडकीतून बाहेर बघत उभ्या राहिल्या.

फोन टेबलावर तसाच चालू होता. त्यातून आवाज आला, “ताई? घेतलं त्यांनी?”

“घेतलं. झोपलेत.”

“दुखतंय?”

“नाही.”

कौस्तुभने नाक ओढलं. मग म्हणाला, “मी येऊ का?”

हा प्रश्न त्याने आठ दिवसांत तिसऱ्यांदा विचारला होता. आधी दोन्ही वेळा केतकी म्हणाली होती, नको, मी आहे ना इथे, तुझी धावपळ कशाला. आणि दोन्ही वेळा त्याने ते ऐकलं होतं. आताही तिच्या तोंडात सवयीने तोच शब्द आला.

“ये,” ती म्हणाली. “आजच नीघ. पण आधी जेव. अण्णांना खोटं सांगितलंयस तू.”